२९४ ज्वेल : नववीतल्या एका उत्तराचं प्रकरण

पार्श्वभूमी

गिरगावातली एक जुनी मराठी शाळा. नाव देत नाही, आणि मुलांचे तपशीलही ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत. आमच्याकडे सातवीपर्यंत सगळं मराठीतून आणि आठवीपासून सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. सेमी सुरू केलं ते पट टिकावा म्हणून. हे लपवण्यात अर्थ नाही. मुंबईतल्या किती मराठी शाळा याच आधारावर उभ्या आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मी विज्ञान शिकवते. माझी दहावी मराठीतून झाली, बीएस्सी इंग्रजीतून. मधला सांधा मी स्वतः ठोकून बसवला, कोणी बसवून दिला नाही. ही माहिती इथे कशासाठी, ते पुढे कळेल.

नववीत ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, एकक ज्यूल. मुलांनी हा शब्द आधी सातवीत वाचलेला असतो, तोही मराठीत, ‘ज्यूल’ असा. दोन वर्षांनी तोच शब्द इंग्रजी पुस्तकात समोर येतो तेव्हा त्याचं स्पेलिंग जे-ओ-यू-एल-ई असतं. या दोन रूपांत नातं आहे हे मुलांना आपोआप कळेल असं आम्ही गृहीत धरलं होतं.

काय घडलं

पहिल्या सत्राच्या पेपरात तीन गुणांचं एक उदाहरण होतं. हमाल २० किलोची बॅग १.५ मीटर उंचीच्या फळीवर ठेवतो, तर त्याने केलेलं कार्य किती? गुरुत्व त्वरण ९.८ धरा. उत्तर २९४ ज्यूल. सूत्राला एक गुण, आकडेमोडीला दीड, एककाला अर्धा.

रात्री जेवणं आटोपून पेपर घेऊन बसले होते. एका पेपरात ‘२९४’ पुढे जे-ई-डब्ल्यू-ई-एल. हसू आलं. २९४ रत्नं! चौथ्या पेपरात पुन्हा तेच. सातव्यात अनेकवचन करून ‘ज्वेल्स’. एका मुलाने तर ‘२९४ ज्वेलरी’ लिहिलं होतं. गठ्ठा संपेपर्यंत ३८ पैकी १४ पेपरांत हे निघालं आणि माझं हसू केव्हाच संपलं होतं.

उरलेल्यांपैकी पाच जणांनी पूर्ण शब्द बरोबर लिहिला होता, काहींनी एककच लिहिलं नव्हतं, आणि तेरा जणांनी फक्त ‘जे’ हे अक्षर लिहून मोकळं व्हायचा शहाणपणा दाखवला होता.

पहिला संशय अर्थातच कॉपीचा. एकाच चुकीच्या चौदा प्रती म्हटल्यावर कोणाही शिक्षकाच्या मनात तेच येईल. बैठक व्यवस्थेचा कागद काढला. चौदा जण दोन खोल्यांत पसरलेले, चार वेगवेगळ्या रांगांत. ‘ज्वेलरी’वाला मुलगा पार खिडकीपाशी, त्याच्या मागेपुढे बसलेल्या दोघांनी एकक लिहिलेलंच नाही. कॉपी नव्हती.

पहिली चूक, माझी

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि नाव न घेता म्हणाले, “कोणीतरी आपल्या हमालाला २९४ दागिने दिलेत रे.” वर्ग खो-खो हसला. ज्यांनी तेच लिहिलं होतं तेही हसले, कारण त्यांना वाटलं गंमत दुसऱ्याच कोणाची चालली आहे. खिडकीपाशी बसणारा मुलगा तेवढा हसला नाही. तो म्हणाला, “पण बाई, ज्वेलच असतं. पप्पांच्या मशीनवर पण ज्वेल असतं.”

मी म्हणाले, “मशीनवर दागिने बनतात, मोजत नाहीत.” पुन्हा हशा. तो खाली बसला आणि त्या आठवड्यात एकदाही हात वर केला नाही.

या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच होता, आणि मी तो निर्णय आहे हे न ओळखताच घेऊन टाकला. मुलगा पुरावा देत होता. मी कोटी केली.

चूक आली कुठून

मधल्या सुट्टीत दोन मुली स्टाफरूमच्या दारात आल्या. त्यातली एक धीट आहे. म्हणाली, “बाई, रागावू नका, पण तुम्हीच ज्युवल म्हणता.”

मी? शक्यच नाही. पुढच्या तासाला फोन टेबलावर ठेवून माझाच तास रेकॉर्ड केला आणि घरी ऐकला. ३५ मिनिटांत तो शब्द अकरा वेळा आला, आणि त्यातला एकही ‘ज्यूल’ नव्हता. सगळे ‘ज्युवल’. मराठीतून बोलताना मी तोंड भरून ‘ज्यूल’ म्हणते. इंग्रजी वाक्यात शिरले की माझी जीभ का कोण जाणे सावध होते, शब्दाला इंग्रजी थाट द्यायला जाते आणि एका अवयवाचे, म्हणजे उच्चारातल्या एका ठोक्याचे, दोन करून टाकते. गंमत म्हणून फोनच्या बोलून टाइप करायच्या सोयीला माझा उच्चार ऐकवला. पाचही वेळा त्याने ज्वेल लिहिलं.

मग जरा खोलात गेले, आणि खरी मजा इथे आहे.

मराठीत ‘ज’ दोन आहेत, लिहायला मात्र अक्षर एकच. जहाज, जाडा, जुना यातला ज दातांशी घासतो. जीवन, जेवण, जिरं यातला टाळूशी. ‘जून भेंडी’ आणि ‘जून महिना’ म्हणून पाहा, फरक तोंडातच कळेल. आता ‘जूल’ असं लिहिलं असतं तर मराठी वाचकाने तो जुन्यातल्या ‘जू’सारखा वाचला असता. म्हणून पाठ्यपुस्तकवाल्यांनी ‘य’ घालून ‘ज्यूल’ केलं. ज्यूरी, ज्युनिअर, ज्यू यांतही तीच युक्ती आहे. म्हणजे मराठी लेखनाने या शब्दाचा उच्चार जपून, बांधून ठेवला होता. ज्यूल, पूल, मूल, फूल: एक ठोका, संपला शब्द.

इंग्रजी पुस्तकात तो पहारा उठतो. जे-ओ-यू-एल-ई या अक्षरांवरून उच्चार काय करायचा याचा काहीच अंदाज येत नाही. खुद्द इंग्रज लोकांतही त्या माणसाच्या आडनावावरून मतभेद होते; कोणी ते ‘हाउल’च्या यमकात म्हणे, कोणी ‘गोल’च्या, आणि अखेर टिकला तो ‘कूल’च्या यमकातला. दुसरीकडे दागिन्याच्या शब्दात मुळात दोन अवयव आहेत, ज्यू आणि अल. पण इंग्रजी बोलणाऱ्यांचा शब्दाअखेरचा ल जड असतो, त्याच्याआधी एक पुसट अ डोकावतो, त्यामुळे कूल हे ‘कूअल’सारखं ऐकू येतं आणि ज्यूल हे ‘ज्यूअल’सारखं. अमेरिकेत तर अनेकांच्या तोंडी हे दोन शब्द अगदी सारखे होतात. मराठी माणूस ऊ आणि अ शेजारी आले की मध्ये सहज व सरकवतो. झालं ज्युवल. मग रस्त्यावर जी पाटी दिवसातून दहा वेळा दिसते, ‘अमुक ज्वेलर्स’, ती डोळ्यांपुढे येते आणि हात तेच स्पेलिंग लिहितो.

आमची शाळा झवेरी बाजारापासून चालत वीस मिनिटांवर आहे. घाटकोपरला असतो तर कदाचित चौदाऐवजी सहा निघाले असते. सिद्ध करता येणार नाही, पण मला तसं वाटतं.

समोर असलेले पर्याय

दिवाळीच्या सुट्टीआधी गुणतक्ते द्यायचे होते. मुख्याध्यापिका बाई, इंग्रजीचे सर आणि मी असे तिघं बसलो.

सरांचं मत सरळ: शब्द चुकला, अर्धा गुण गेला. “उद्या कोणी न्यूटनऐवजी नायलॉन लिहिलं तर देणार का?” मुद्दा बिनतोड होता. बाईंचा कल सोडून देण्याकडे. आकडेमोड बरोबर आहे, विषय विज्ञान आहे, स्पेलिंगची परीक्षा नाही, अर्ध्या गुणासाठी चौदा पालकांना बोलावून मी काय सांगू? हेही पटण्यासारखं.

माझं मन अडकलं होतं ते त्या तेरा जणांपाशी, ज्यांनी नुसतं ‘जे’ लिहिलं होतं. त्यांना आम्ही पूर्ण गुण दिले होते. मी त्यांना एकेकट्याला बोलावून मागच्या कागदावर पूर्ण शब्द लिहायला सांगितलं. तेरातल्या आठ जणांनी जे-ई-डब्ल्यू लिहिलं. म्हणजे डोक्यातला समज अगदी तोच, फक्त एकाने आळस केला म्हणून त्याला अर्धा गुण, आणि दुसऱ्याने प्रामाणिकपणे पूर्ण शब्द लिहिला म्हणून त्याचा कापायचा. सरांनी हे ऐकलं आणि थोडा वेळ चहाच्या कपाकडे बघत बसले.

तिसरा पर्याय होता एकक वगळून प्रश्न पुन्हा तपासायचा, किंवा त्या अर्ध्या गुणाची तोंडी परीक्षा घ्यायची. वेळखाऊ. पण मला त्यातून एक गोष्ट कळणार होती जी पेपरातून कळत नव्हती: २९४ ज्यूल म्हणजे किती, हे यातल्या कोणाला माहीत आहे का?

तोंडी घेतली. प्रत्येकाला एकच प्रश्न, मराठीत: “एक ज्यूल म्हणजे अंदाजे केवढं काम? काहीतरी उदाहरण दे.” स्पेलिंग बरोबर लिहिणाऱ्या पाचांपैकी दोघांना उत्तर आलं. बाकी वर्गाचं विचारू नका. एका हुशार मुलीने “बल्ब एक तास लावला की एक ज्यूल” असं ठामपणे सांगितलं. १० वॅटचा बल्ब तासाभरात ३६,००० ज्यूल खातो.

माझ्या दृष्टीने प्रकरण इथे फिरलं. मुलांसाठी ज्यूल हा उत्तराच्या शेवटी लावायचा शिक्का होता. त्यामागे काही माप होतं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. शिक्क्यावर दागिना असो की ऊर्जा, काय फरक पडतो? ज्याला एक ज्यूल हातात जाणवला आहे त्याच्या हातून रत्न लिहिलं जाणं अवघड आहे.

गुणांचा निर्णय

त्या पेपरापुरता जे, ज्यूल आणि ज्वेल या तिघांनाही अर्धा गुण दिला. चूक कानातून आली होती, आणि कानात ती मी घातली होती. सर शेवटपर्यंत पूर्ण सहमत झाले नाहीत. त्यांनी एक अट घातली, की पुढच्या सत्रात हीच चूक झाली तर गुण जाईल आणि हे वर्गात आधी सांगायचं. मान्य केली. ‘२९४ ज्वेलरी’ला गुण द्यायचा की नाही यावर दहा मिनिटं गेली. दिला.

पालकसभा

खिडकीपाशी बसणाऱ्या मुलाचे वडील पालकसभेला आले. झवेरी बाजारातल्या एका कारखान्यात कारागीर आहेत, मूळचे कोकणातले, घरात तीन पिढ्या सोनारकाम. त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला.

“पोरगा खोटं बोलत नव्हता, बाई. हे बघा.”

लेझरने झाळायच्या मशीनचा पडदा होता. पूर्वी फुंकणीने ज्योत मारून डाख वितळवायचे, तेव्हा सगळा दागिना तापायचा आणि नाजूक खडे आधी काढून ठेवावे लागायचे. लेझरचा ठिपका सुईच्या टोकाएवढा, उष्णता तिथल्या तिथे राहते, म्हणून खड्याला लागूनसुद्धा काम करता येतं. पडद्यावर व्होल्टेज, मिलिसेकंद, आणि त्याखाली एक आकडा आणि शेजारी ‘जे’. एका चमकीत किती ऊर्जा सोडायची तो आकडा.

“आम्ही ज्वेलच बोलतो याला. ‘आठ ज्वेलवर ठेव’, ‘दोन ज्वेल कमी कर’. मशीन ज्वेलरीचं आहे ना.”

मी त्यांना काय सांगणार? त्यांच्या कारखान्यात तो शब्द चुकीचा असूनही माप अगदी बरोबर होतं. दोन ज्वेल जास्त झाले तर सोन्याला भोक पडतं, कमी झाले तर सांधा धरत नाही, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. माझ्या वर्गात पाच जणांचं स्पेलिंग बरोबर होतं आणि माप कोणाकडे जवळजवळ नव्हतंच.

त्यांनी आणखी एक सांगितलं. घरी आजोबांचं एचएमटीचं घड्याळ आहे, चावीचं. तबकडीवर लिहिलंय ‘१७ ज्वेल्स’. आकडा, आणि त्यापुढे शब्द. मुलगा लहानपणापासून ते एकक समजत आलाय. घड्याळ चालायला १७ ज्वेल ताकद लागते असं त्याला वाटायचं. घड्याळातले ज्वेल म्हणजे माणकाचे बारीक कृत्रिम खडे, चाकांच्या आसांची टोकं ज्यात फिरतात ते, घर्षण आणि झीज कमी व्हावी म्हणून बसवलेले. पण चौदा वर्षांच्या मुलाने तबकडी वाचून काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच होता. माझ्या वर्गात बहुधा तो एकटाच त्या शब्दाबद्दल काही विचार करून आला होता.

मी त्यांच्यासमोर त्या मुलाची माफी मागितली. तो इतका अवघडला की पायाकडे बघत बसला.

मग काय केलं

दिवाळीनंतर धडा पुन्हा घेतला, पुस्तक न उघडता.

पहिला तास जिन्यावर. मुलांनी पट्टीने पायरी मोजली: १६ सेंटिमीटर. तळापासून गच्चीच्या दारापर्यंत ६० पायऱ्या, म्हणजे ९.६ मीटर. ४५ किलोची मुलगी वर गेली की कार्य किती? ४५ गुणिले ९.८ गुणिले ९.६, सुमारे ४,२३४ ज्यूल. मग मी बिस्किटाचा पुडा काढला आणि मागचा किलोकॅलरीचा आकडा वाचायला लावला. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४,१८४ ज्यूल. म्हणजे धापा टाकत तीन मजले चढल्यावर गुरुत्वाविरुद्ध केलेलं काम जेमतेम एक किलोकॅलरी! वर्गात खरा धक्का बसला तो इथे. शरीर त्यासाठी त्याच्या काही पट ऊर्जा जाळतं, बरीचशी उष्णता म्हणून जाते, हेही सांगितलं, नाहीतर मुलं निराश होऊन बिस्किटं सोडायची. शेवटी प्रत्येकाने १०० ग्रॅमची साबणाची वडी एक मीटर वर उचलली. हा झाला साधारण एक ज्यूल. “एवढाच?” असं तीन-चार जण म्हणाले. एवढाच.

दुसऱ्या तासाला माणूस सांगितला. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल, जन्म १८१८, मँचेस्टरजवळचं सॅलफर्ड. बाप बिअरच्या कारखान्याचा मालक. हे ऐकून मागच्या बाकांवर एकदम लक्ष. विद्यापीठात नोकरी वगैरे काही नाही. खाली उतरणाऱ्या वजनाने पाण्यातलं वल्ह्यांचं चक्र फिरवायचं आणि पाणी किती तापतं ते मोजायचं, हा त्याचा गाजलेला प्रयोग. तापमानातली वाढ इतकी किरकोळ असे की सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२ पौंड वजन एक फूट खाली यावं लागतं, असा आकडा त्याने काढला, आणि पुढे पुन्हा मोजून आणखी नेमका केला. त्याच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. १८८९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेत त्याच्या नावाचं एकक स्वीकारलं गेलं आणि ऑक्टोबरात तो वारला.

इथून स्पेलिंगचा प्रश्न आपोआप सुटायला लागला. चिन्हातला ‘जे’ मोठ्या लिपीत का? कारण ते माणसाचं नाव आहे, न्यूटनच्या एन आणि वॅटच्या डब्ल्यूसारखं. पूर्ण शब्द लिहिताना मात्र पहिलं अक्षर लहान. दागिन्यामागे कोणी माणूस नाही; तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ बहुधा खेळ, थट्टा या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. “म्हणजे बाई, तुम्ही केली ती थट्टा,” धीट मुलगी म्हणाली. घ्या.

उच्चारासाठी टाळ्या. ज्यूल, पूल, मूल: एक टाळी. ज्यू-अल: दोन. दोन दिवस जिन्यात, पाण्याच्या नळापाशी, सगळीकडे टाळ्या ऐकू येत होत्या. या टाळ्या माझ्यासाठीच जास्त होत्या. फळ्याच्या कोपऱ्यात मी देवनागरीत ‘ज्यूल’ लिहून ठेवलं आणि सत्र संपेपर्यंत पुसू दिलं नाही, सेमीचा वर्ग असला तरी.

तिसरा तास ठरवून झाला नाही. प्रयोगशाळेच्या माळ्यावर भंगारात एक जुनं चकतीचं वीजमीटर पडलं होतं. लॅबच्या काकांनी ते खाली काढून उघडलं. पाटीवर लिहिलेलं: एका किलोवॅट-तासाला ६०० फेरे. बेस्टच्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागिले ६००. चकतीचा एक फेरा म्हणजे ६,००० ज्यूल. मुलांनी बोटाने चकती फिरवत ज्यूल मोजायला सुरुवात केली, सहा हजार, बारा हजार, अठरा हजार.

खिडकीपाशी बसणारा मुलगा दुसऱ्या दिवशी वडिलांचं डोळ्याला लावायचं भिंग घेऊन आला. चकतीचा आस खाली जिथे टेकतो तिथे त्याने बराच वेळ पाहिलं. अशा मीटरांत त्या टोकाखाली नीलमाचा बारीक खडा असतो, घड्याळासारखाच, चकती वर्षानुवर्षं न झिजता फिरावी म्हणून.

“बाई, खाली ज्वेल आहे,” तो म्हणाला. “ज्वेलवर फिरतंय आणि ज्यूल मोजतंय.”

दोन्ही शब्द त्याने अगदी स्वच्छ म्हटले.

आज पुन्हा वेळ आली तर

वर्गात तो विनोद करणार नाही. हे तर झालंच.

आठवीत सेमी सुरू होताना पहिल्या आठवड्यात मी आता दोन रकान्यांची वही करून घेते: डावीकडे मराठी पुस्तकातलं रूप, उजवीकडे इंग्रजी स्पेलिंग. ज्यूल, न्यूटन, अर्ग, वॅट, पास्कल. सातवीतून आठवीत येताना मुलांचं जे ज्ञान उंबऱ्यातच गळतं, त्यातलं थोडं तरी या वहीत राहतं. हे आधीच करायला हवं होतं.

गुणांबाबत माझं मन अजून पूर्ण स्थिर नाही. चौदा जणांना अर्धा गुण दिला ते बरोबर होतं असं मला वाटतं, पण ज्या पाच जणांनी नीट लिहिलं त्यांना त्यातून काहीच जास्त मिळालं नाही, आणि त्यातल्या एकाच्या आईने मला तसं स्पष्ट विचारलं. तिला दिलेलं उत्तर मला स्वतःलाच फार भक्कम वाटलं नव्हतं. कदाचित त्या प्रश्नातला एककाचा अर्धा गुण सगळ्यांसाठीच तोंडी परीक्षेत न्यायला हवा होता. मग स्पेलिंग येणाऱ्या पण माप न येणाऱ्या तिघांचा गुण गेला असता, आणि ते जास्त योग्य झालं असतं की जास्त अन्यायाचं, यावर सर आणि मी अजून वाद घालतो.

आणि चिन्हाचा प्रश्न. आता मी पेपरात कुठेतरी एकदा पूर्ण शब्द लिहायला सांगते. नुसत्या ‘जे’खाली फार काही लपतं.

दुसऱ्या सत्राचा पेपर

३८ पैकी दोघांनी ज्वेल लिहिलं, अटीप्रमाणे गुण कापला. एकीने जे-यू-ई-एल असं तिसरंच काहीतरी लिहिलं. ते मी सरांना दाखवलं तर ते कोश काढून बसले आणि मग हसत सुटले: जुन्या फ्रेंचमध्ये दागिन्याचं एक स्पेलिंग हेच होतं. पोरगी काही शतकं उशिरा जन्माला आली, म्हणाले. गुण नाही दिला.

खिडकीपाशी बसणाऱ्याला पूर्ण तीन मिळाले. निकालाच्या दिवशी वडील भेटले तेव्हा मी विचारलं, कारखान्यात आता काय म्हणता?

“पोराने सगळ्यांना सांगितलं, बाई. मालकांना पण. टाळ्या वाजवून दाखवल्या.”

“मग?”

“मालक बोलले, शाळेत ज्यूल असेल. इथे आठ ज्वेलवर ठेव, हात आवर, गिऱ्हाईक थांबलंय.”